बुरशी भिंतीवर, आरोप रहिवाशावर

जुलै उजाडला की आपल्या वस्त्यांमधल्या दवाखान्यांसमोर खोकणाऱ्या मुलांची रांग लागते. डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतात, पातळ औषध लिहून देतात, घरघर जास्त असेल तर वाफ देतात किंवा पंप चालू करतात. मूल परत त्याच खोलीत जाते, जिथे पलंगामागची भिंत काळी-हिरवी झालेली असते. पंधरा दिवसांनी तेच मूल पुन्हा रांगेत दिसते. या सगळ्या फेऱ्यांमध्ये एक साधा प्रश्न कोणीच विचारत नाही : घराच्या भिंतीला ओल आहे का?

आमचे म्हणणे सरळ आहे. घरातली ओल आणि बुरशी माणसाला आजारी पाडते. ही ओल बहुतेक वेळा रहिवाशाच्या आळसातून येत नाही, त्याला दिलेल्या घराच्या रचनेतून येते. म्हणून तिचा जाब घर बांधणाऱ्याला, घर देणाऱ्याला आणि देखभालीची जबाबदारी असूनही हात झटकणाऱ्याला विचारला पाहिजे. आज नेमके उलटे चालले आहे. भिंत काळी पडते आणि बोलणी खावी लागतात घरातल्या बाईला.

आधी शास्त्र काय सांगते ते पाहू

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात. बंगल्यात असतात तसेच झोपडीतही असतात. त्यांना रुजायला हवी असते ती ओल. भिंत, लाकूड, पुठ्ठा, गादी, कपड्यांचे गाठोडे एक-दोन दिवस ओले राहिले की बुरशी धरू लागते आणि मग ती स्वतःचे असंख्य नवे बीजाणू खोलीतल्या हवेत सोडते. ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचा बीजाणू अवघा दोन-तीन मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस त्याच्यापेक्षा कितीतरी पट जाड असतो. इतका बारीक कण नाकातच अडकतो असे नाही, तो फुप्फुसाच्या आतल्या टोकापर्यंत जाऊ शकतो. शिवाय ओलसर घरात एकटी बुरशी राहत नाही. तिच्याबरोबर अंथरुणातले सूक्ष्म किडे आणि जिवाणूही वाढतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशी या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. जगभरातले संशोधन तपासून संघटनेने निष्कर्ष काढला, की ओलसर आणि बुरशीच्या घरात राहणाऱ्यांना खोकला, छातीतली घरघर, दम लागणे, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि दमा यांचा धोका जास्त असतो. ज्यांना आधीच दमा आहे त्यांचा दमा बळावतो. हवेत किती बीजाणू असले तर चालतील, असा सुरक्षित आकडा मात्र संघटनेने दिलेला नाही. सांगणे एवढेच, की ओल होऊ देऊ नका आणि झाली असेल तर ती काढा. म्हणजे ‘थोडीशी बुरशी आहे, चालायचेच’ या म्हणण्याला शास्त्राचा आधार नाही.

कोणी म्हणेल, ओलसर घरात राहणारा माणूस गरीब असतो, कुपोषित असतो, धुरात राहतो. मग खोकला ओलीमुळेच झाला हे कशावरून? शंका रास्त आहे. तिचे उत्तर भिंत दुरुस्त करून पाहिल्यावर मिळते. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात दमा असलेल्या ६२ मुलांचा अभ्यास झाला आणि तो २००६ साली प्रसिद्ध झाला. या सगळ्या मुलांच्या घरात बुरशी होती. काही घरांची गळती आणि ओल दुरुस्त केली, बाकीच्यांना फक्त माहिती आणि सल्ला दिला. ज्यांची घरे कोरडी झाली त्या मुलांना दम्याच्या झटक्यासाठी दवाखान्यात न्यायची वेळ कमी आली. न्यूझीलंडमध्ये कमी उत्पन्नाच्या वस्त्यांतल्या १,३५० घरांवर असाच प्रयोग झाला. तिथे थंड, दमट घरांना उष्णतारोधक आवरण बसवले. घरे उबदार आणि कोरडी झाल्यावर घरघरीच्या तक्रारी घटल्या, मुलांच्या शाळेचे आणि मोठ्यांच्या कामाचे खाडे कमी झाले. २००७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. माणसे तीच राहिली, गरिबीही तीच राहिली, बदलले फक्त घर. याहून स्पष्ट पुरावा आणखी काय हवा?

सर्वांत जास्त फटका कोणाला बसतो? लहान मुलांना, म्हाताऱ्यांना, दम्याच्या रुग्णांना आणि क्षयातून उठलेल्यांना. क्षय बरा झाल्यावरही फुप्फुसात पोकळी राहू शकते आणि त्या पोकळीत ॲस्परजिलस ठाण मांडू शकते. मग खोकला, वजन घटणे, थुंकीतून रक्त असा त्रास सुरू होतो. लक्षणे क्षयासारखीच असल्यामुळे अनेकांना पुन्हा क्षयाच्याच गोळ्या चालू होतात. बीजाणू बाहेरच्या हवेतही असतात हे खरे. पण क्षयाने आधीच पोखरलेल्या माणसाला वर्षानुवर्षे बुरशीच्या खोलीत ठेवणे हा शहाणपणा नव्हे.

जे खरे नाही तेही सांगितले पाहिजे

आम्ही अफवेला अफवेने उत्तर देणारे नाही. बुरशीच्या नावाने बरेच काही पसरवले जाते, तेही तपासले पाहिजे.

२०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर ‘काळी बुरशी’ हा शब्द घराघरांत पोचला. तो आजार म्हणजे म्युकरमायकोसिस. मुख्यतः मधुमेह आटोक्यात नसलेल्या आणि स्टेरॉइडचे उपचार झालेल्या रुग्णांना त्याने गाठले. भिंतीवर दिसणारी काळी बुरशी आणि तो आजार एक नाही. भिंत काळी आहे म्हणून डोळा जाईल, अशी भीती कोणी घालू नये. घरातल्या बुरशीने स्मरणशक्ती जाते, मेंदू सडतो असेही सांगितले जाते. त्याला भक्कम पुरावा नाही. जे सिद्ध आहे ते श्वासाचे आजार आणि ॲलर्जी. तेवढेच पुरेसे गंभीर आहेत.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक खोकला बुरशीचा नसतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर आधी थुंकी तपासून घ्यायची, सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. भिंतीकडे बोट दाखवण्याच्या नादात क्षयाचे निदान लांबले, तर नुकसान आपलेच आहे. तपासणी आणि भिंतीची तक्रार, दोन्ही एकाच वेळी झाली पाहिजे.

‘तुम्हीच घाण करता’

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. भिंतीवरच्या बुरशीची तक्रार केली की ठरलेली उत्तरे मिळतात. ‘तुम्ही घरात कपडे वाळत घालता.’ ‘खिडकी उघडत नाही.’ ‘एका खोलीत इतकी माणसे कशाला?’ ‘या लोकांना राहायची पद्धतच नाही.’ शेवटचे वाक्य कधी तोंडावर बोलले जाते, कधी पाठीमागे. त्यातल्या ‘या लोकांना’ या शब्दांचा अर्थ आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात सुदानहून आलेले एक कुटुंब गृहनिर्माण संस्थेच्या भाड्याच्या सदनिकेत राहत होते. वडिलांनी २०१७ साली बुरशीची तक्रार केली. उत्तर मिळाले : वरून रंग मारा. तक्रारी होत राहिल्या, बुरशी तशीच राहिली. डिसेंबर २०२० मध्ये त्यांचा मुलगा अवाब इशाक वारला. तो दोन वर्षांचा होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी निकाल दिला, की घरातल्या बुरशीशी दीर्घकाळ संपर्क आल्याने झालेल्या श्वसनविकारामुळे हे मूल मेले. चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली. बुरशीचे खापर कुटुंबाच्या राहणीवर, त्यांच्या आंघोळीच्या पद्धतीवर फोडले गेले होते. ही गृहीतके चुकीची होती, असे संस्थेला नंतर मान्य करावे लागले.

तिथे वंशाने जे काम केले, ते आपल्याकडे जात करते. आधी माणसाला वाईट घरात ढकलायचे, मग घराच्या वाईटपणाला त्याचा स्वभाव म्हणायचे.

पण इंग्लंडमध्ये पुढे काय झाले तेही पाहा. त्या मुलाच्या आईवडिलांनी लढा दिला आणि २०२३ च्या कायद्यात त्याच्या नावाने तरतूद झाली. ऑक्टोबर २०२५ पासून ती सामाजिक भाडेघरांना लागू झाली आहे. जिवाला तातडीचा धोका असेल तर घरमालक संस्थेने २४ तासांत उपाय करायचा. ओल आणि बुरशीचा गंभीर धोका कळवला गेला तर कामाच्या १० दिवसांत तपासणी करायची आणि त्यानंतर कामाच्या ५ दिवसांत घर सुरक्षित करायचे. 

आपली भिंत ओली कोणी केली?

ओलीचा आणि जातीचा संबंध ओढूनताणून जोडलेला नाही. बाबासाहेबांनी ‘अनटचेबल्स ऑर द चिल्ड्रन ऑफ इंडियाज घेटो’ या लिखाणात गावाने अस्पृश्यांवर लादलेल्या नियमांची यादी दिली आहे. वस्ती गावाबाहेर हवी, आणि तीही दक्षिणेला, कारण ती दिशा अशुभ. त्याच यादीत अस्पृश्याने कौलारू छपराचे घर बांधणे हाही अपराध म्हणून नोंदलेला आहे. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. कौल नाही म्हणजे गवताचे छप्पर, म्हणजे पावसाळाभर ठिबकणारे पाणी आणि ओली जमीन. कोरड्या घरात राहणे हा आपल्या पूर्वजांसाठी गुन्हा होता. ओल ही नशिबाने आली नव्हती, ती नियम करून दिली गेली होती.

तो नियम आज कागदावर नाही. पण शहरात गरिबांसाठी इमारती बांधताना काय होते? मुंबईत पुनर्वसनाच्या घराचे क्षेत्रफळ आधी २२५ चौरस फूट होते, मग २६९ झाले, आता ३०० आहे. प्रत्येक वाढीचे फलक लागले, श्रेयाची भांडणे झाली. पण खिडकी कुठे उघडते, दोन इमारतींमध्ये किती अंतर आहे, तळमजल्यावर ऊन येते का, यावर कोणाचा फलक लागला नाही. पुनर्वसनाच्या इमारतींसाठी मोकळ्या जागेच्या नियमांत सवलती दिल्या गेल्या. जागा वाचली आणि ती विक्रीच्या इमारतीकडे गेली. आपल्या वाट्याला आल्या त्या अंधाऱ्या चिंचोळ्या गल्ल्या. त्यात वरच्या मजल्यांचे फुटके पाइप गळतात, कचरा साचतो आणि खिडकी उघडली तर दुर्गंधी घरात येते. मग म्हणायचे, ‘खिडकी का उघडत नाही?’

या इमारती आरोग्यावर काय परिणाम करतात ते मुंबईच्या एम-पूर्व विभागात तपासले गेले आहे. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या तीन पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास केला. जिथे इमारती एकमेकींना खेटून आहेत, ऊन आणि वारा कमी पोचतो, तिथे क्षयाचे प्रमाण जास्त आढळले. खालच्या मजल्यांवर धोका अधिक दिसला. इमारतींमध्ये बरे अंतर असलेल्या पीएमजी कॉलनीत प्रमाण कमी होते. तिन्ही ठिकाणचे रहिवासी एकाच थरातले, पुनर्वसन होऊन आलेले. क्षय हा बुरशीचा आजार नाही, तो जिवाणूचा आहे. पण ज्या खोलीत ऊन-वारा नाही, तिथे क्षयाचा जंतू हवेत टिकून राहतो आणि त्याच खोलीची भिंतही वाळत नाही. दोन्हींचे मूळ एकाच नकाशात आहे, आणि तो नकाशा रहिवाशाने काढलेला नाही.

सफाई कामगारांच्या वसाहतींचा प्रश्न तर याहून कठीण आहे. घर नोकरीला बांधलेले आणि नोकरी झाडूला. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार वारसाला तीच नोकरी मिळते. बापाची नोकरी संपली आणि मुलाने झाडू घेतला नाही तर खोली सोडावी लागते. आयुष्यभर धूळ आणि गटारातला वायू छातीत घेतलेला माणूस रात्री ओलीच्या खोलीत झोपतो, आणि खोली जाईल या भीतीने तक्रारही करत नाही. शिकलेला मुलगा पदवी पेटीत ठेवून हजेरी लावायला जातो, कारण आईला डोक्यावर छप्पर हवे असते. ते छप्परही गळके असते. गळके घर माणसाला जातीच्या धंद्यात बांधून ठेवते.

तीन आक्षेप आणि त्यांची उत्तरे

‘मुंबई-कोकणात हवाच दमट आहे, त्याला कोण काय करणार?’ हवा सगळ्यांना सारखीच आहे. पावसाळ्यात ती मलबार हिलवरही दमट असते. पण तिथे बाहेरच्या भिंतीला वेळेवर वॉटरप्रूफिंग होते, खोलीला समोरासमोर खिडक्या असतात, कपाटातली दमट हवा शोषायला यंत्र असते. पाऊस समान पडतो. भिंती समान नाहीत.

‘घर फुकट मिळाले आहे, वर तक्रार कसली?’ घर फुकट मिळालेले नाही. ज्या जमिनीवर आपली वस्ती होती, त्या जमिनीवरच्या विक्रीच्या इमारतीतून बिल्डरने त्याची किंमत वसूल केली आहे. आणि समजा फुकट दिले असते, तरी आजार देण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

‘पोटाचा प्रश्न मोठा की भिंतीचा?’ हा प्रश्न कधीकधी आपलेच कार्यकर्ते विचारतात. मूल आजारी पडले की आईचा खाडा होतो, खाडा झाला की मजुरी जाते, वर औषधाचा खर्च आणि शाळेची गैरहजेरी. पोटाचा प्रश्न त्या भिंतीतूनच पाझरत असतो.

कायदा कोणाच्या बाजूने आहे?

चमेली सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने निवाऱ्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. निवारा म्हणजे नुसते छप्पर नाही. पुरेशी जागा, सुरक्षित बांधकाम, पुरेसा उजेड, शुद्ध हवा आणि पाणी हे सगळे त्यात येते, असे न्यायालयाने सांगितले. हा खटला अनुसूचित जातींच्या घरांसाठी घेतलेल्या जमिनीचा होता, हे आपण विसरता कामा नये. शुद्ध हवेचा हक्क आपल्याच घरांच्या निमित्ताने लिहिला गेला आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १४ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर घर राहण्याजोगे ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च ठरावीक मर्यादेत भाड्यातून वळता करू शकतो. पण याच कायद्याच्या कलम ३ ने शासनाच्या आणि स्थानिक संस्थांच्या मालकीच्या जागा वगळल्या आहेत. म्हणजे खासगी मालकाला जे बंधन, ते सरकार नावाच्या मालकाला नाही. आणि सरकारी चाळींत, पालिकेच्या कर्मचारी वसाहतींत प्रामुख्याने कोण राहते, हे आपल्याला माहीत आहे.

म्हणून आमच्या मागण्या

ओल आणि बुरशीच्या तक्रारीवर ठरलेल्या मुदतीत तपासणी आणि दुरुस्ती करण्याचे कायदेशीर बंधन हवे, आणि ते शासन, महापालिका, पुनर्वसन प्राधिकरण सर्वांना लागू हवे. पुनर्वसनाच्या इमारतींना ऊन-वाऱ्याच्या नियमांत सवलत देणे बंद झाले पाहिजे. श्वासाच्या रुग्णाच्या केसपेपरवर ‘घरात ओल आहे का’ हा रकाना असला पाहिजे. सफाई कामगाराच्या घराचा हक्क वारसाच्या झाडूपासून वेगळा केला पाहिजे.

मागण्या मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे नाही. प्रत्येक वसाहतीत ओलीची नोंदवही सुरू करा. मजला, खोली, कोणती भिंत, कधीपासून, घरात कोणाला श्वासाचा त्रास, आणि तारखेसह फोटो. एकट्याचा अर्ज फाइलीत मरतो, म्हणून अर्ज इमारतीच्या नावाने सह्या घेऊन द्या आणि पोच घ्या. माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करून इमारतीचा मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि दोष दुरुस्तीची जबाबदारी कोणावर आहे त्याची कागदपत्रे मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.

भिंत पुसताना कोरडा झाडू मारू नका, त्याने बीजाणू घरभर उडतात. तोंडाला मास्क लावून साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा आणि मुलांना, दम्याच्या माणसाला तेवढा वेळ बाहेर ठेवा. ब्लीचिंग पावडर आणि संडास साफ करायचे ॲसिड कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो. आणि पुसण्याआधी फोटो काढा. कारण गळती बंद झाल्याशिवाय बुरशी परत येणारच, आणि आपण पुसून टाकलेला डाग हाच आपला पुरावा असतो.

१९२७ साली महाडला आपल्या माणसांनी सार्वजनिक पाण्यावरचा हक्क बजावला. आज पाणी भिंतीतून घरात येते आणि हवा येत नाही. माणूस दिवसातून हजारो वेळा श्वास घेतो आणि त्यातला एकही टाळू शकत नाही. तो श्वास स्वच्छ असावा, यासाठी कोणाच्या दयेची वाट पाहायची नाही. उद्या कोणी तुमच्या भिंतीकडे बघून ‘तुम्ही लोक असेच राहता’ म्हणाले, तर मान खाली घालू नका. त्याला इमारतीचा नकाशा दाखवा आणि विचारा, यात ऊन कुठून येते?